सेवा काहून वाचली

तातेराव: मंजी तुमी मेंढरायच्या डॉक्टर न्हाईतच?

राधिका: नाही हो मामा. मी हवामानाची. ढग, पाऊस, विजा यांचं शिकले, म्हणून नावापुढं डॉक्टर. औषधपाणी मला येत नाही.

तातेराव: आन तो कर्ण्यावाला तर "परभणीच्या डॉक्टरीणबाई आल्या, या, या" म्हणून राहिला. मी ह्या मेंढीला दोन कोस चालवत आणलं. खूर सडलं तिचं. तुमचं भाषण पुरं ऐकलं. म्हणलं, आता खुराचं निघंल, मंग निघंल. निघालं इजेचं.

राधिका: मग मधेच उठून का नाही गेलात? बाकीचे गेले की.

तातेराव: इजेचं होतं म्हणूनच बसलो.

राधिका: बरं केलंत. एवढा जवळ्याचा बाजार भरलाय, पण शेवटपर्यंत बसलेले तुम्ही एकटेच. मला एक सांगाल? खरं सांगा, राग नाही येणार. काय कळलं? परभणीतून वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली, पण इथं हे सांगायला आम्ही यंदाच आलो. मी बोलते ते लोकांपर्यंत पोचतं की नाही, हेच मला कळत नाही.

तातेराव: कळलं की. आभाळ गरजायलं की झाडाखाली जायचं न्हाई. पक्कं घर जवळ असंल तर घरात. न्हाईच काही तर खोलगट जागा बघून, पाय जुळवून उकिडवं बसायचं, डोकं गुडघ्यात. घोळक्यानं न्हाई, लांब लांब. बराबर?

राधिका: बरोबर. मी तासभर घेतला, तुम्ही चार वाक्यांत उरकलंत.

तातेराव: पर ते झाडाचं चित्र होतं ना, बुडातून लाल रेघा निघालेलं, ते काय समजलं न्हाई. ईज तर झाडावर पडली. मंग जमिनीवर रेघा कशाच्या?

राधिका: वीज झाडात थांबत नाही मामा. खोडातून खाली येते आणि जमिनीत पसरते. डबक्यात दगड टाकला की लाटा पसरतात ना, तशी. त्या जमिनीवर जो उभा असेल त्याच्या एका पायातून वर चढते, दुसऱ्यातून उतरते. दोन पायांत जितकं अंतर जास्त, तितका झटका मोठा. मेंढीचे पुढचे पाय आणि मागचे पाय बघा एकमेकांपासून केवढे लांब. म्हणून झाडाखालची जनावरं एकदम मरतात. झाडाला अंग लागलेलंही नसतं त्यांचं.

तातेराव: गोल पडत्यात.

राधिका: काय म्हणालात?

तातेराव: झाडाभोवती गोल पडत्यात. जशा उभ्या होत्या तशाच. एकीच्या तोंडात तर गवत होतं, अर्धं चावलेलं.

राधिका: तुमच्या मेंढ्या होत्या?

तातेराव: माझ्याच. गेल्या हस्ताच्या पावसात. मेंढरायचं काय न्हाई बाई, मेंढरं पुन्हा होतेत. माझं धाकलं पोरगं होतं त्याइच्यात. नरसिंग.

राधिका: मामा... मला माहीत नव्हतं. मी आपली चित्रं दाखवत बसले.

तातेराव: तुमाला कसं म्हाईत असणार? बसा, बसा. मी काही रडायला न्हाई आलो. एक इचारायचं होतं. लोकायपुढं इचारता येईना, म्हणून बाजारची गर्दी पांगायची वाट बघत होतो. पायाळू माणसावर ईज पडती का?

राधिका: पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेलं?

तातेराव: व्हय. डोक्याच्या आधी पाय बाहेर आलेलं.

राधिका: नाही. म्हणजे इतरांवर पडते तेवढीच त्यांच्यावर पडते. कोण कसं जन्मलं हे विजेला कळत नाही.

तातेराव: पक्कं?

राधिका: पक्कं.

तातेराव: माझी थोरली सून पायाळू हाय. सेवा. आमच्या माऊलीची बायको. त्या दिवशी रानात दोघंच होते, सेवा आन नरसिंग, भावजय-दीर. नरसिंग गेला, सेवा वाचली. अंगावर ओरखडा न्हाई. तेरावा व्हायच्या आत गाव म्हणाय लागलं, ईज पायाळूला न्यायला आली होती, चुकून पोराला घेऊन गेली. मंग आमच्या घरच्यायनी, गोजरबाईनं, सेवाला माहेरी लावून दिलं. वसमतच्या अलीकडं माहेर हाय तिचं. सोयाबीन निघायच्या आधी गेली, आता पुन्हा पेरणी आली.

राधिका: आणि माऊली काय म्हणतो?

तातेराव: माऊली आईपुढं तोंड उघडत न्हाई. पर महिन्यातून दोनदा मेंढरायचं औषध आणायला वसमतला जातो.

राधिका: इथं नाही मिळत औषध?

तातेराव: मिळतं की. त्या समोरच्या दुकानातच मिळतं. आमीबी काही म्हणत न्हाई. जाऊ द्या.

राधिका: लग्न झालं तेव्हा ठाऊक नव्हतं का, पायाळू आहे ते?

तातेराव: पायाळू म्हणूनच तर पसंत केली! हिनंच केली, गोजरबाईनं. पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण उतरती म्हणत्यात ना. आमच्या वट्ट्यावर गावच्या बाया पालथ्या पडायच्या. सेवा एकेकीच्या पाठीला हळूच पाय लावायची, आन बाया वर चहा पिऊन जायच्या. ह्याच बाया आता तिला अवदसा म्हणत्यात. पाय तेच हायेत बाई. पायात काय फरक पडला?

राधिका: मी येऊ का तुमच्या घरी? मावशींशी बोलते.

तातेराव: तेच म्हणणार होतो. पर नुसत्या शास्तरानं भागायचं न्हाई. तुमी असं करा. तुमीबी पायाळू हाव, म्हणून सांगा. पायाळू हाव, इतके वर्सं इजेच्या मागं हिंडून राहिले, मला काही झालं न्हाई. लगेच पटंल तिला.

राधिका: पण मी पायाळू नाही.

तातेराव: कोण बघाया गेलंय?

राधिका: मामा, उद्या मी सांगितलं आभाळ भरून आलंय, मेंढ्या माळावरून काढा, तर तुम्ही काढाल का?

तातेराव: काढीन.

राधिका: का काढाल? मी खरं बोलते असं वाटतं म्हणूनच ना?

तातेराव: एकदाच बोला. चांगल्यासाठी. एका पोरीचा संसार हाय.

राधिका: परवा येते मी. पण जेवढं खरं आहे तेवढंच बोलेन.

तातेराव: तुमी गोजरबाईला वळखत न्हाई अजून.

*

गोजरबाई: चहा घे. गुळाचा हाय, चालंल का? ह्यायनी सांगितलं, परभणीची बाई येणार इजेचं सांगायला. इजेचं मला काय सांगतीस? माझ्या घरात येऊन गेली ती.

राधिका: म्हणूनच आले मावशी. तुम्हाला शिकवायला नाही. बोलायला.

गोजरबाई: तू पायाळू हाइस का?

राधिका: मी? नाही.

तातेराव: अगं, त्यायला कसं म्हाईत असणार? ल्हानपणचं कुणाला ध्यानात—

राधिका: माहीत आहे मामा. आई सांगायची. दवाखान्यात झाले, डोक्याकडून. मी पायाळू नाही मावशी.

गोजरबाई: बरं झालं. दोन दिस झाले, हे मला म्हणून राहिले, ती बाईबी पायाळूच हाय, पायाळूच हाय. ह्यायचं खोटं मला चुलीपुढं बसून कळतं. तू व्हय म्हणली असतीस, तर हा चहा पाजून तुला वाटंला लावलं असतं. आता बोल.

तातेराव: मी बाहेर मेंढरं बघतो.

गोजरबाई: बसा गुमान. तुमीच आणली ना?

राधिका: मावशी, मामांनी सांगितलेला तो कडुलिंब, ज्याच्याखाली... त्या माळावर अजून झाडं आहेत का?

गोजरबाई: न्हाईत. येकलाच हाय. लांबून दिसतो.

राधिका: तेच. वीज खाली येताना तिला जे उंच सापडतं तिथं बहुतेक वेळा पडते. उघड्या माळावर एकच उंच झाड असलं की त्यावर पडायची भीती सगळ्यात जास्त. खाली कोण उभं आहे, त्याचा जन्म कसा झाला, याच्याशी तिचं काही देणंघेणं नाही.

गोजरबाई: लिंब माझ्या सासऱ्यानं लावलेला हाय. मी लगीन होऊन आले तवा हातभर जाड होता. इतक्या वर्सात त्याच्यावर कधी पडली न्हाई. ही तिथं गेली आन पडली. ह्याचं सांग.

राधिका: सेवा पहिल्यांदाच गेली होती का तिथं?

गोजरबाई: पहिल्यांदा कशाला? लगीन झाल्यापसून मेंढरं तिच्याच अंगावर होते. रोज जायची.

राधिका: आणि त्या वर्षांत पावसाळे झाले, वळीव झाले. तेव्हा का नाही पडली?

गोजरबाई: येळ आली न्हवती.

राधिका: वेळ कधी येते ते मलाही नाही सांगता येत मावशी. खरं सांगते. अमक्या दिवशी, अमक्या झाडावर पडेल, असं जगात कुणालाच सांगता येत नाही.

गोजरबाई: मंग तुझ्या शिक्षणाचा उपेग काय?

राधिका: कधी पडेल ते नाही, पण कुठं उभं राहिलं की जास्त धोका आणि कुठं कमी, एवढं सांगता येतं. त्यावर माणसं वाचतात.

गोजरबाई: मंग असं सांग. मी तिला परत आणली, तर माझ्या माऊलीला काही व्हणार न्हाई. देतीस शबूद?

तातेराव: द्या की बाई. द्या.

राधिका: नाही देता येत.

तातेराव: अहो, काहून न्हाई?

राधिका: कारण वीज पडू शकते. सेवा घरात असली तरी पडेल, नसली तरी पडेल. मी आज शब्द दिला आणि उद्या काही झालं, तर मावशी पुन्हा तिलाच घराबाहेर काढतील. आणि मावशी, ती माहेरी असताना पडली, तर मग कुणाला पाठवाल?

गोजरबाई: तोंडाळ हाइस.

राधिका: आहे.

गोजरबाई: बरं, सगळं खरं धरते तुझं. लिंब उंच होता, ईज लिंबावर पडली, पोरगं खाली होतं म्हणून गेलं. मंग सेवा काहून वाचली? ती काय आकाशात होती? दोघं संगं गेले, संगं भिजले, मेंढरं संगं वळले. एक मेला, एक जितं. हेच्याहून दुसरं काय इचारत न्हाई मी. सेवा काहून वाचली?

राधिका: ती नेमकी कुठं होती?

गोजरबाई: लांब. झाडापसून लांब, उघड्यावर, बांधाखाली बसली होती. लोकायनी पाहिलं ना. माझ्या लेकराला सोडून पळाली, आन बसली येकली जाऊन.

राधिका: लांब का बसली होती?

गोजरबाई: मला काय म्हाईत?

राधिका: विचारलं नाहीत तिला?

गोजरबाई: काय इचारायचं?

राधिका: पाऊस कोसळतोय, जवळ झाड आहे, दीर झाडाखाली आहे. सगळं जग अशा वेळी झाडाखाली पळतं. ती उलटी उघड्यावर का गेली? मामा, तुम्ही विचारलंत?

तातेराव: न्हाई. मला भ्याव वाटलं. काय सांगंल, काय न्हाई.

राधिका: माऊलीनं?

गोजरबाई: माऊलीला ती सांगायची न्हाई. अन तो इचारायचा न्हाई. जोडीच तशी हाय.

राधिका: मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं निम्मंच आहे. ती झाडापासून लांब होती म्हणून वाचली, एवढं मी इथं बसून सांगू शकते. पण लांब का गेली ते तिलाच ठाऊक. बाहेर जीप आहे. चला, विचारू.

तातेराव: आता?

गोजरबाई: तुमी मेंढरं बघणार होता ना? बघा. मी जाते. तोंडावर इचारते तिला.

*

(सेवाचं माहेर, वसमतच्या अलीकडं. दुपार. अंगणात जीप उभी आहे.)

सेवा: आत्याबाई? तुमी? बसा ना. माय हळद निवडायला गेली, येईल सांजंला. पाणी आणू का?

गोजरबाई: नको. बसायला न्हाई आले मी.

सेवा: घरी सगळे... हे बरे हायेत ना?

गोजरबाई: हायेत. ही परभणीची बाई हाय. इजेचं शिकलेली.

राधिका: मी राधिका. सेवा, घाबरू नकोस. मला तुझ्याकडून त्या दिवशीचं थोडं समजून घ्यायचंय. वीज पडते तेव्हा काय होतं, की झाडाच्या खोडातून ती—

गोजरबाई: तू गप ऱ्हाय बाई. तुझं मी ऐकलं. आता तिला बोलू दे. सेवा, माझ्याकडं बघ. तू पोराला सोडून लांब काहून गेलीस?

सेवा: सोडून न्हाई गेले.

गोजरबाई: मंग? बोल ना. इतके दिस मी रातच्याला हेच घोकून राहिले. बोल.

सेवा: आभाळ एकदम आलं, आत्याबाई. मागून आलं, आमाला दिसलंच न्हाई. मेंढरं आपसूक लिंबाखाली पळाले, त्यायच्या मागं भावजी. मीबी पळाले. झाडापाशी गेले आन पहिली कडाडली. मंग मी मागं फिरले.

गोजरबाई: काहून?

सेवा: मी पायाळू हाव ना. मायनं ल्हानपणापसून सांगितलं होतं. ईज गरजायली की तू माणसात बसू नको. लांब जाय, येकली बस, पाय पोटाशी घे, खाली मुंडी घाल. पडली तर तुझ्या येकलीवर पडंल, दुसऱ्याचं लेकरू जायला नको. शाळंतबी तसंच करायची मी. पोरी वर्गात, मी पटांगणात.

राधिका: पटांगणात? पावसात?

सेवा: व्हय. मास्तर आत ओढायचे. मी न्हाई जायची.

गोजरबाई: मंग त्या दिवशी...

सेवा: त्या दिवशी झाडाखाली भावजी होते, मेंढरं होते. माझ्या पायी त्यायच्यावर नको पडायला, म्हणून मी बांधाखाली खोलगटात जाऊन बसले. मी म्हणत होते, माझ्यावर पड, इकडं पड. डोळे गच्च मिटून तेच म्हणून राहिले होते.

गोजरबाई: आन तो?

सेवा: त्यायनी मला बोलावलं, झाडाखाली. मी गेले न्हाई. मंग दुसऱ्यांदा बोलावलं.

गोजरबाई: आन?

सेवा: आन पडली.

राधिका: मावशी, टेका इथं. सेवा, पाणी आण गं.

गोजरबाई: काही नको. बस तू, सेवा. हे तू मला तवाच काहून सांगितलं न्हाई?

सेवा: तुमी ते इचारलंच न्हाई. तुमी, गावानं, सगळ्यायनी एकच इचारलं, तू काहून वाचलीस? त्याचं उत्तर मला म्हाईत न्हवतं. मला बी तेच वाटून राहिलं होतं, मी वाचायला नको होते. ईज माझीच होती.

राधिका: तुझी नव्हती सेवा. कुणाचीच नव्हती. ती झाडावर पडली, कारण माळावर तेवढंच उंच होतं. तू वाचलीस, कारण तू झाडापासून लांब होतीस, खोलगटात होतीस, आणि पाय जवळ घेऊन बसली होतीस. मी जवळा बाजारात कर्ण्यावरून लोकांना हेच सांगते. तुझ्या आईनं सांगितलेलं कारण चुकीचं होतं. पण बसायची रीत बरोबर निघाली.

सेवा: मंजी, मी भावजींना माझ्याकडं बोलावलं असतं तर? सांगा.

राधिका: तर बहुतेक वाचले असते. खात्रीनं नाही सांगता येत, पण बहुतेक.

गोजरबाई: कशाला सांगतीस तिला असं?

राधिका: तिनं विचारलं मावशी. पण सेवा, हे ऐकतेस तसं पुढचंही ऐक. तू झाडाखाली गेली असतीस तर तूही गेली असतीस. हे दोन्ही त्या क्षणी तुम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं. तुला वाटलं तू लांब राहिलीस तर तो वाचेल. त्याला वाटलं तू झाडाखाली आलीस तर तू भिजणार नाहीस. दोघंही एकमेकांचंच बघत होतात.

गोजरबाई: मीच सांगायची त्याला. भिजू नको, झाडाखाली थांब.

राधिका: सगळ्याच आया सांगतात मावशी. माझी आईसुद्धा तेच सांगायची. मी विजेचं शिकायला लागले तेव्हा मला कळलं.

गोजरबाई: व्हय?

राधिका: व्हय.

गोजरबाई: सेवा, तुझी माय कधी येती म्हणलीस?

सेवा: सांजंला.

गोजरबाई: शेजारी निरोप ठेव. कपडे घे. बसून काय राहिलीस? यायचं न्हाई का?

सेवा: यायचं हाय. पर एक इचारू? पुन्हा आभाळ आलं मंजी? गाव म्हणंल, तिला लांब बसवा. तुमीबी म्हणसाल.

गोजरबाई: हे बघ, ह्या बाईचं इजेचं असंल खरं. मी खोटं न्हाई म्हणत, पर मला अजून पुरतं पटलं न्हाई. म्हातारं डोकं हाय. पर तू सांगितलंस ते पटलं. तेवढं बस झालं मला.

सेवा: तसं न्हाई आत्याबाई. मी येते, पर आभाळ आलं की मी घरात बसंन. सगळ्यायसंगं. मला कोंडायचंबी न्हाई आन उघड्यावर धाडायचंबी न्हाई.

गोजरबाई: बस की. माझ्याजवळ बस.

सेवा: आन गाव?

गोजरबाई: गावाला मी बघून घेते. वट्ट्यावर येऊन कोण काय बोलतंय ते तर बघू.

राधिका: सेवा, घर पक्कं असलं की आत बसायचं, हे अगदी बरोबर. फक्त तारांना आणि पत्र्याला हात—

गोजरबाई: सांग तिला जीपमधी. लई वाट हाय.

*

राधिका: मावशी, एक विचारायचंय. पुढच्या बाजारी मी पुन्हा जवळ्याला बोलणार आहे. चित्रं दाखवून लोक थांबत नाहीत. ही गोष्ट सांगू का? नावं नाही घेणार कुणाची.

गोजरबाई: नाव काहून घेणार न्हाईस?

राधिका: तुम्हाला त्रास नको म्हणून.

गोजरबाई: बिननावाचं कोण ऐकतंय? लोकाला वाटंल, बाई काहीबाही सांगून राहिली. नाव घे. नरसिंग तातेराव, म्हण. गाव सांग. लिंब बी सांग, म्हायती हाय सगळ्यायला.

राधिका: सेवा, तुझं?

सेवा: माझंबी घ्या. पर मी पटांगणात बसायची ते नका सांगू. हसतील.

राधिका: ते तर सगळ्यात आधी सांगायला हवं गं. गावोगाव अशा किती पोरी असतील पटांगणात बसणाऱ्या. त्यांच्या मास्तरांना तरी कळेल.

सेवा: असत्यात का अशा?

राधिका: तू एकटीच नसशील.

सेवा: मंग सांगा.

गोजरबाई: सेवा.

सेवा: काय आत्याबाई?

गोजरबाई: खिडकी लाव, वारं लागून राहिलं... न्हाई, राहू दे उघडी. तुला इचारायचं होतं. त्यानं दोनदा बोलावलं म्हणलीस. काय म्हणला?

सेवा: पहिल्यांदा म्हणले, वैनी, इकडं ये, घोंगडी मोठी हाय.

गोजरबाई: आन दुसऱ्यांदा?

सेवा: दुसऱ्यांदा... हसून म्हणले. वैनी, तू भिजून तापानं पडलीस तर आई मला आज भाकर द्यायची न्हाई.

गोजरबाई: हसून म्हणला?

सेवा: व्हय. मोठ्यानं. पाऊस होता ना.

गोजरबाई: दिली असती गं मी. अशी कशी दिली नसती?